एका रात्रीची रजा

प्रवासवर्णन लिहिण्याजोगा प्रवास आम्हीं केलेला नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. हिमालयाचीं शिखरें पाहिलीं नाहींत, कीं समुद्र ओलांडला नाहीं. डोंबिवलीहून निघालों, पुण्यास एक रात्र राहिलों आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळच्या गाडीनें परत आलों. एवढाच काय तो पराक्रम. पुणें आम्हांस परकें गांवहि नव्हे. लग्नामुंजींना, बारशांना, आणि अलीकडे तेराव्यांना, वर्षांतून तीन-चार वेळां तेथें जाणें होतेंच. तरीहि या एका फेरीविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें. कारण इतकेंच कीं, लग्नाला अठ्ठावीस वर्षें झालीं. परंतु दुसऱ्या कोणाला बरोबर न घेतां, कोणाच्या कार्यावाचून आणि कोणाच्या घरीं न उतरतां आम्ही उभयतां एक रात्र बाहेर राहिलों ती ही पहिलीच.

हें वाचून तरुण वाचक हंसतील. एकत्र कुटुंबांत ज्यांचे केस पिकले ते मात्र हंसणार नाहींत. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरास गेलों होतों हें खरें. पण ‘जातांच आहां, तर आत्यालाहि घेऊन जा, तिचें क्षेत्र महाबळेश्वर व्हायचें राहिलें आहे,’ असें तीर्थरूपांनीं सुचविलें, आणि आत्या निघाल्यावर तिच्या सोबतीस दोन चुलतबहिणी निघाल्या. पंचगंगेच्या देवळांत आम्हीं पांच जणांनीं मिळून दर्शन घेतलें. पुढें मुलें झालीं, आजारपणें झालीं, धाकट्या बंधूचें लग्न झालें, वडील गेले. या सर्वांत दोघांनींच कोठें जाण्याचा विचार मनांत आला नाहीं, आणि आला नाहीं याचें वाईटहि वाटलें नाहीं. भरल्या घरांत माणसाला आपण एकटे पडलों आहों हें कळतच नाहीं. तेथें दिवसभर कोणी ना कोणी बोलत असतें.

आमचें घर आठ माणसांचें. मातोश्रींचें वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वीं त्या न्हाणीघरांत पडल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया नीट झाली, पण चालणें पूर्वीसारखें राहिलें नाहीं. दिवसां काठी आणि कोणाचा तरी हात धरून खिडकीपर्यंत येतात; रात्रीं मात्र कूस बदलण्यासहि माणूस लागतें. धाकटी भावजय शाळेंत शिक्षिका. तिला सकाळीं सातला घर सोडावें लागतें. आमची सौ. घरीं संस्कृताच्या शिकवण्या करीत असे, त्या तिनें त्याच महिन्यांत बंद केल्या. ‘तात्पुरत्या’ असा शब्द तेव्हां वापरला होता असें आठवतें. अशा रीतीनें सेवेची वांटणी, कोणी न करतां, आपोआप झाली. आणि आपोआप झालेली वांटणी घरांत न्याय्यच समजली जाते.

एका रविवारीं भाजी निवडतांना धाकटी भावजय म्हणाली, “वहिनी, तुम्ही दोघें दोन दिवस कोठें तरी जाऊन या. घर आम्ही बघतों.”

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सौ.नें हरकती सांगितल्या: औषधांच्या वेळा, रात्रीचें उठणें, सोमवारचा दूधवाला. आमच्या मनांत आलेली हरकत आम्हीं बोलून दाखविली नाहीं. आम्हांला वाटलें, याची गरज काय? सर्व ठीक तर चाललें आहे. हें वाक्य आम्ही पुढें पुष्कळ दिवस विसरणार नाहीं.

निकाल आंतल्या खोलींतून लागला. मातोश्रींना ऐकूं कमी येतें, पण जें त्यांनीं ऐकूं नये असें वाटावें तें त्यांना नेमकें ऐकूं येतें. “जाऊं द्या गं त्यांना,” त्या म्हणाल्या, “मी कांहीं दोन दिवसांत मरत नाहीं. आणि मेलेंच, तर पुणें कांहीं लांब नाहीं.”

अशा प्रकारें गांवहि ठरलें. मातोश्रींच्या बोलण्यांत विनोद होता तसा व्यवहारहि होता. घरीं वृद्ध माणूस अंथरुणावर असतां दूरचा प्रवास करूं नये. मध्यरात्रीं निरोप आला तर सकाळपर्यंत परततां यावें, इतकेंच अंतर असावें.

पुणें ठरल्याबरोबर एक नवें संकट उभें राहिलें. सदाशिव पेठेंत आमचा मामेभाऊ, कोथरुडास चुलती, बिबवेवाडीस साडू. इतकीं घरें असतां लॉजमध्यें उतरणें म्हणजे नात्यावर पाणी सोडणें. आणि त्यांच्याकडे उतरावें, तर एका घरीं जेवण, दुसऱ्या घरीं चहा, तिसऱ्या घरीं ‘आमच्याकडे कां नाहीं आलांत’ याचा खुलासा, यांतच दोन दिवस सरणार. शेवटीं कोणासहि कळवावयाचें नाहीं असा उभयतांनीं कट केला. पन्नाशी उलटल्यावर केलेली ही लबाडी आम्हांस थोडी सुखावह वाटली, हें कबूल करतों.

निघण्याच्या आदल्या रात्रीं सौ. वहींत कांहीं लिहीत बसली होती. आम्हीं डोकावून पाहिलें. मातोश्रींच्या दिनचर्येचें तें वेळापत्रक होतें: पहांटे साडेपांचला कोमट पाणी, सहाला थायरॉईडची गोळी, न्याहारीपूर्वीं साखर तपासणें, पायाला तेल, दुपारीं वरणभात मऊ कालवून, चारला चहा पण बिस्किट एकच, रात्रीं साडेअकरा, अडीच आणि साडेचारला कूस बदलणें. दोन पानें भरलीं आणि तिसरें सुरू झालें. आम्ही त्याच घरांत राहतों. परंतु त्या तीन पानांतील निम्म्या गोष्टी आम्हांला ठाऊक नव्हत्या.

शनिवारीं सकाळीं कल्याणास गाडी धरली. कर्जतपर्यंत सौ.नें दोनदां घरीं फोन केला. कर्जतला गाडीस मागून जादा इंजिनें जोडतात, तीं घाट चढेतोंवर गाडीला ढकलीत नेतात. तेवढ्या मुक्कामांत बटाटेवडे आले, ते आम्हीं घेतले, आणि घाट सुरू झाल्यावर फोनची रेंज गेली. बोगद्यामागून बोगदा येऊं लागला तेव्हां प्रथमच सौ.नें फोन पिशवींत ठेवला.

हा बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळांत तयार झाला. दर सदतीस फुटांस एक फूट इतका चढ, ठिकठिकाणीं बोगदे आणि खोल दऱ्यांवर पूल. हजारो मजूर येथें खपले आणि रोगराईनें त्यांपैकीं कित्येक येथेंच मेले. या कामाचें कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा इंग्रज १८५९ त मुंबईस आला आणि थोड्याच दिवसांत आजारानें वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट सोडून न देतां, अनुभवी अभियंत्यांच्या हातीं देऊन तें पुरें करविलें. ही हकीगत आम्हीं मोठ्या उत्साहानें सौ.ला सांगितली. ती खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे तिच्याहि वांट्याला उरलेलें कामच आलें.”

लोणावळ्यानंतर आणखी एक गोष्ट लक्षांत आली. घर, मातोश्री, मुलाची परीक्षा, बंधूचें कर्ज हे विषय संपल्यावर आम्हां दोघांना बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. अठ्ठावीस वर्षें एका ताटाजवळ बसून जेवलेलीं माणसें मळवली ते तळेगांव एकमेकांकडे पाहुण्यासारखीं हंसत बसलीं.

लॉज साधेंच पण स्वच्छ होतें. खोलींत शिरल्याबरोबर सौ.नें पलंगावरची चादर झटकून पुन्हा घातली आणि मग एकाएकीं थांबून म्हणाली, “हें करायला येथें माणूस असेल, नाहीं का?” आम्हीं होय म्हटलें. ती खुर्चींत बसली. दुपारच्या बारा वाजतां तिला नुसतें बसलेलें आम्हीं किती दिवसांनीं पाहिलें असेल, हें आठवूं लागलों तें आठवेना.

ऊन उतरल्यावर बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं पुण्यास गेल्यावर दोन तास राखून ठेवावे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून गांवोगांव हिंडून त्यांनीं हा संग्रह जमविला. वस्तु वीस हजारांवर आहेत. त्या बहुतेक राजेरजवाड्यांच्या नव्हेत, घरांतल्या आहेत: समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, पाय घासावयाच्या वजऱ्या, शेवयांचे सांचे, दारांच्या चौकटी, वाद्यें. कोथरुडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महालहि येथें पुन्हा उभा केलेला आहे. केळकरांचा राजा नांवाचा मुलगा बाळपणींच गेला. त्याचें नांव या संग्रहालयास दिलेलें आहे. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या छंदांत जन्मभर साथ होती. १९७५ त हा सर्व ठेवा त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

समयांच्या दालनांत सौ. बराच वेळ उभी होती. आम्ही कारागिरीविषयीं बोलत होतों. ती म्हणाली, “हें सगळें कोणी तरी रोज घांसलें असेल.” नंतर जरा वेळानें म्हणाली, “मुलगा गेल्यावर त्या बाईंनीं काय केलें असेल हो? घरांत हा एवढा पसारा येत होता, तेव्हां त्यांना बरें वाटत असेल कीं नसेल?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. पण पुणें स्टेशनापासून तोंवर आम्हीं दोघांनीं बोललेलें, घराबाहेरचें असें तें पहिलें बोलणें होतें.

तेथून तुळशीबाग जवळच. रामाचें दर्शन घेऊन बाहेर पडलों, सौ.नें पितळेचें लहान निरांजन पाहावयास उचललें, तोंच पाठीमागून हांक आली. सदाशिव पेठेंतला मामेभाऊ आणि त्याची पत्नी! लाखो वस्तीच्या शहरांत नेमकीं हीं दोघें तेथें कां असावीं, हें त्या रामालाच ठाऊक.

“कधीं आलांत? कोणाकडे उतरलांत?” वहिनींनीं विचारलें. आमची जीभ टाळ्याला चिकटली. कोणाचें तरी काम निघालें, उशीर झाला, असें कांहीं तरी आम्ही जुळवूं लागलों होतों. सौ. शांतपणें म्हणाली, “लॉजवर उतरलों आहोंत, वहिनी. मुद्दाम.”

वहिनींचा चेहरा उतरला. मामेभाऊ म्हणाला, “आमचें घर काय ओस पडलें आहे? सामान घेऊन या पाहूं. निदान रात्रीं जेवायला तरी.”

अशा वेळीं ‘बरें, येतों’ असें म्हणण्याची आम्हां उभयतांची अठ्ठावीस वर्षांची संवय. आमच्या ओठांवर तें आलेंहि होतें. सौ. म्हणाली, “आज नाहीं येत, भावोजी. उद्यांहि नाहीं. राग मानूं नका. पुढल्या महिन्यांत सगळ्यांना घेऊन दोन दिवस तुमच्याकडेच येऊं. ही एक रात्र आम्हीं आमच्यासाठीं घेतली आहे.”

मामेभावाला काय बोलावें सुचेना. वहिनी मात्र आमच्या सौ.कडे पाहत राहिल्या. निरोप घेतांना त्यांनीं तिला किंचित् बाजूला घेतलें. आम्हांला वाटलें, आतां कानउघाडणी होणार. मागून कळलें कीं, वहिनींनीं हळूच इतकेंच विचारलें होतें: “लॉज कोठलें? आणि घरीं सांगितलेंत तरी कसें?”

लक्ष्मी रस्त्यानें चालत डेक्कनकडे निघालों. वाटेंत सेवासदन लागतें. १९०९ साली पुण्यांत ही संस्था उभी राहिली, तिच्या प्राण म्हणजे रमाबाई रानडे. १८७३ साली अकरा वर्षांची ती मुलगी न्यायमूर्तींच्या घरीं आली तेव्हां तिला अक्षरओळखहि नव्हती. न्यायमूर्तींनीं तिला शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतल्या वडील बायकांनीं तें गोड करून घेतलें नाहीं. तिनें कामेंहि केलीं, बोलणींहि खाल्लीं आणि शिकलीहि. १९१० साली त्यांनीं आपल्या आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. भरलेल्या घरांत नवराबायकोंना एकमेकांशीं निवांत बोलण्यास रात्रीचा एवढासा अवकाश मिळे, आणि त्या अवकाशांतून केवढें काम उभें राहिलें! आम्हीं तसें बोलून दाखविलें. सौ. हंसून म्हणाली, “ते निदान जागे तरी असत.”

तो टोमणा आम्हीं थट्टेवारी नेला. त्याचा अर्थ पुढें रात्रीं समजला.

जेवण करून खोलीवर आलों. सौ.नें घरीं फोन लावला. पुतण्यानें तो उचलून सांगितलें, “आजी म्हणते, सगळें ठीक आहे, आणि उद्यां संध्याकाळपर्यंत तुमचा फोन घ्यायचा नाहीं,” आणि खरोखरच ठेवून दिला.

रात्रीं केव्हां तरी आम्हांला जाग आली. खोलींत अंधार होता आणि सौ. खोलीच्या मधोमध उभी होती. दिवा लावला. अडीच वाजले होते. ती झोपेंतच उठून मातोश्रींच्या पलंगाकडे निघाली होती, आणि पलंग सांपडेना म्हणून थांबली होती. भानावर आल्यावर ती खालीं बसली आणि रडूं लागली. आम्हीं पाणी दिलें. मग तिनें जें सांगितलें तें असें.

गेल्या श्रावणांत एके रात्रीं मातोश्रींनीं तिला चार वेळां उठविलें. चौथ्या वेळीं तिचा तोल गेला. “किती वेळां उठवाल? मलाहि जीव आहे,” असें ती बोलून गेली. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या रात्रीं त्यांनीं हांक मारली नाहीं. तिसऱ्या रात्रींहि नाहीं. सौ.ला वाटलें, त्यांना आतां झोप लागत असावी. चौथ्या दिवशीं सकाळीं अंथरूण बदलतांना तिला कळलें कीं, मातोश्री ओल्यांत पहांटेपर्यंत जाग्या पडून राहात होत्या. “त्या दिवसापासून त्यांनीं हांक मारावी लागूं नये म्हणून मीच उठतें,” ती म्हणाली. “गजराची जरूर नाहीं. जाग येतेच. त्यांनीं हें कोणाला सांगितलें नाहीं, आणि मींहि नाहीं. तुम्ही पलीकडच्या खोलींत झोपलां होतां.”

आम्ही झोपलों होतों. दोन वर्षें झोपलों होतों. मातोश्री आमच्या, त्यांच्या उशापायथ्याशीं कोण उठतें, हा प्रश्न आम्हीं कधीं विचारला नाहीं, कारण सकाळीं चहा वेळेवर मिळत होता. सौ.ला त्या एका वाक्याचें पाप एकटीला वाटत होतें. त्यांतला मोठा भाग कोणाचा, हें आम्हांला त्या परक्या खोलींत कळलें. घरीं तें कधींच कळलें नसतें. कारण घरीं अडीच वाजतां ती उठून गेली असती, आणि आम्हीं कूस बदलून घेतली असती.

झोप पुन्हा आली नाहीं. उजाडतां उजाडतां पर्वतीवर गेलों. शंभरावर पायऱ्या आहेत, आमच्यापेक्षां सौ. लौकर चढली. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ त बांधलेलें देवदेवेश्वराचें हें मंदिर, आणि पानिपताचा घाव बसल्यावर १७६१ त ते वारले तेहि येथेंच. वरून सबंध शहर धुक्यांत दिसत होतें. तेथें कट्ट्यावर बसून रात्रींच्या बोलण्याचा उरलेला भाग बोलून झाला: शिकवण्या पुन्हा सुरू कराव्या कीं काय, मातोश्रींना काय सांगावें, बंधूशीं कसें बोलावें. एकाहि विषयास उत्तर पुरें मिळालें नाहीं, पण विषय आमच्या दोघांचे झाले.

दुपारपूर्वीं नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस पाहिला. दुष्काळांत लोकांस काम मिळावें म्हणून १८९२ साली बांधलेला हा वाडा. ऑगस्ट १९४२ त गांधीजींना धरल्यावर त्यांना येथें स्थानबद्ध केलें. कस्तुरबा, महादेवभाई देसाई वगैरे मंडळीहि येथेंच होतीं. महादेवभाई आठवड्याच्या आंतच, १५ ऑगस्टला गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं गेल्या. साठ वर्षांहून अधिक त्यांचा संसार झाला. त्या संसारांत पतीच्या व्रतांचा भार पत्नीवर किती पडला, हें सर्वांस ठाऊक आहे. पण अखेरच्या आजारांत गांधीजी त्यांच्या अंथरुणापाशीं बसत, आणि कस्तुरबांनीं प्राण सोडला तो त्यांच्याच मांडीवर. गांधीजींनीं कांतलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला. वाड्यामागें झाडांखालीं दोन समाधि शेजारीं शेजारीं आहेत. रविवार असूनहि तेथें गर्दी नव्हती. सौ.नें पिशवींतलीं दोन फुलें ठेवलीं. आम्ही दोघेंहि कांहीं बोललों नाहीं. अंथरुणापाशीं बसणें हें पुरुषाचेंहि काम आहे, हें कोणी मुद्दाम सांगावें लागण्याचें तें ठिकाण नव्हे.

सायंकाळच्या गाडीनें निघून रात्रीं घरीं पोहोंचलों. सौ.नें आधीं मातोश्रींची खोली गांठली. वेळापत्रकाचें पहिलें पान तेवढें उलटलेलें दिसलें. चारच्या चहाबरोबर बिस्किटें तीन दिलीं होतीं आणि दुपारीं नातवानें आजीला आइसक्रीमहि चारलें होतें. मातोश्री म्हणाल्या, “एवढ्या लौकर कशाला आलांत?” मग सौ.च्या हाताकडे पाहून, “निरांजन छान आहे. माझ्या देवांना?” ती होय म्हणाली, आणि त्यांचे पाय चेपत तेथेंच बसली. त्या दोघींमध्यें श्रावणांतल्या त्या रात्रीविषयीं कांहीं बोलणें झालें कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. तें त्यांचें आहे.

धाकट्या भावजयीनें मात्र आम्हांस बाजूला घेऊन सांगितलें, “दादा, एका रात्रींत आम्ही दोघेंहि दमलों. वहिनी हें रोज कसें करतात?” हाच प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशीं आम्ही चौघें बसलों. आतां व्यवस्था अशी आहे: आठवड्यांतून तीन रात्रीं एक अनुभवी बाई येते, तिचा पगार दोघां भावांनीं निम्मा निम्मा द्यावयाचा, उरलेल्या चार रात्रींपैकीं दोन आमच्या, एक बंधूची आणि एक सौ.ची. मुलानें आपलें असें करावें याचा मातोश्रींना आरंभीं फार संकोच वाटला. पहिल्या रात्रीं त्यांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें. आठवड्यानें त्याच म्हणाल्या, “लहानपणीं तुझें मी केलें, तेव्हां तूं कोठें लाजलास?” भावजयीच्या शाळेला सुटी असते त्या दोन दुपारीं सौ.च्या शिकवण्या पुन्हा भरतात. विद्यार्थी सध्यां तीनच आहेत.

आमच्या वाचक कुटुंबांस या अनुभवावरून कांहीं सुचवावें असें वाटतें. घरांतील प्रत्येक जोडप्यानें वर्षांतून एक तरी रात्र बाहेर काढावी. नवविवाहितांनीं तर काढावीच, पण त्यांच्याहिपेक्षां ज्यांच्या लग्नाला वीस-पंचवीस वर्षें झालीं त्यांनीं ती अवश्य काढावी. गांव जवळचें असावें. नातलगांना दुखवूं नये, परंतु त्यांच्याकडे उतरूंहि नये. खरें कारण सांगितलें तर बहुतेक जण तें समजून घेतात, आमची लबाडी व्यर्थ होती. पाहावयाचीं स्थळें थोडीं ठेवावीं. घरीं फोन एकदांच करावा. आणि मुख्य म्हणजे, घरांतून निघतांना ज्याचें त्याचें काम कागदावर लिहून ठेवावें. तो कागद मागें राहणाऱ्यांच्या सोयीसाठीं असतो खरा, परंतु घरांत कोण किती ओझें उचलतें, याचा तोच एक खरा हिशेब. एकत्र कुटुंबाची थोरवी आम्ही मानतों. पण ज्या घरांत एक माणूस दोन दिवस दूर गेल्याशिवाय त्याचें काम दिसत नाहीं, त्या घरानें त्याला अधूनमधून दूर पाठवावें, हेंच इष्ट.

हा लेख लिहीत असतां धाकटे बंधु आणि भावजय एका रात्रीकरितां नाशकास गेलीं आहेत. भावजय जातांना तीच वही पुढें करून म्हणाली, “दादा, माझ्या कामांचीं दोन पानें यांत जोडलीं आहेत.” आम्हांला वाटलें होतें तिचें अर्धेंच पान भरेल. सौ. आंत झोपली आहे. मातोश्रीहि झोपल्या आहेत. अडीचचा गजर आम्हीं लावून ठेवला आहे. आम्हांला अजून आपोआप जाग येत नाहीं.